भावाची बायको नात्यात धरत नाहीत

इव्हानोवो, ११ फेब्रुवारी २०१७

आदरणीय कायनागा,

सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि तुमच्या भावाजवळ, मेलिसजवळ, निरोप दिला की तो अर्धाच पोचवतो, म्हणून पत्र लिहिते आहे. आमच्याकडच्या बायांची सामानं नेणारा बसवाला तोलोन उद्या निघतो आहे. लिफाफ्यावर तुमचं नाव मी लिहिलं नाही. कायनागाचं, नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, नाव केलिनने तोंडाने घ्यायचं नाही, ते हाताने तरी कसं लिहू? "अकमारलच्या मोठ्या बाबांना" एवढंच लिहून दिलं. तोलोन म्हणाला, "ताई, तुमच्या गावात अकमारल किती आहेत ते तरी मोजलंस का?" मग नाव त्यानेच घातलं.

घराचा शेवटचा हप्ता गेल्या शुक्रवारी पाठवला. तुमच्या हाती आला असेल. सहा वर्षं मी या गावात उशांचे अभ्रे शिवते आहे, पण त्या दिवशी मशीनवर बसले तेव्हा पहिल्यांदाच घाई नव्हती. बाजूची रशियन बाई म्हणाली, "आज गाणं का म्हणतेयस?" मला कळलंही नव्हतं की मी गुणगुणते आहे.

सासऱ्यांचं घर कर्जात गेलं त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून लोकांच्या दोन खोल्यांत राहिलो. मेलिस कामासाठी बिश्केकला पळायचा, मी इकडे, आणि लेक अकमारल तुमच्याकडे. तुम्ही आणि थोरल्या जाऊबाई नसता तर तिचं काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. आता जाऊबाई नाहीत. तुम्ही लेकीकडे बिश्केकला जायचं ठरवलंत, आणि घर बाहेरच्याला न देता आम्हाला दिलंत, तेही अर्ध्या किमतीत म्हणावं असं. हे मी विसरणार नाही.

मेलिस म्हणतो, कागदाचं सगळं तो बघतो आहे. मला त्यातलं काही कळत नाही. सप्टेंबरात मी कायमची येते. खिडक्यांचा निळा रंग तेवढा बदलू नका.

तुमची केलिन,
बुरुल

*

तलास, २६ फेब्रुवारी

केलिन बुरुल,

पत्र मिळालं. पैसेही मिळाले. आता तुझ्याकडून माझं काही येणं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं, बरं वाटलं.

आता कागदाचं ऐक. घर तुझ्या जावेच्या नावावर होतं. ती गेल्यावर माझ्या नावावर व्हायला वेळ लागला, गेल्या वर्षी मे महिन्यात नोंद झाली. नियम असा की नोंदीला दोन वर्षं व्हायच्या आत घर विकलं, तर विकणाऱ्याने किमतीचा दहावा भाग कर म्हणून भरायचा. मी म्हटलं, एवढा पैसा कुठून काढायचा? तेव्हा मेलिसने डोकं चालवलं. तालुक्याच्या नोटरीकडे जाऊन तो विचारून आला. जवळच्या नातेवाइकांत बक्षीसपत्र केलं तर कर माफ. सगळाच्या सगळा. भावाने भावाला घर दिलं, सरकार मधे येत नाही. पैसे आपण आपसात दिले-घेतले, ते कागदावर यायची गरज नाही.

मी चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, त्यात कान गेले, पण असं डोकं मला सुचलं नसतं. लहान भावाबद्दल पुष्कळ दिवसांनी अभिमान वाटला. तारीख वीस मार्चची घेतली आहे.

अकमारल बरी आहे. माझ्याएवढी उंच होत चालली. गणितात मास्तरणीची चूक काढली म्हणून तिला वर्गाबाहेर उभं केलं. मी शाळेत जाऊन मास्तरणीला म्हटलं, चूक होती की नव्हती ते सांगा. ती म्हणाली, होती. मी म्हटलं, मग तुम्ही बाहेर उभ्या राहा. घरी आल्यावर लेक माझ्यावरच रागावली.

घेवड्याचं बियाणं निवडून ठेवलं आहे. पेरणी यंदाही मीच करतो, काढणीला तू असशील.

एसेनबाय

*

इव्हानोवो, १० मार्च

आदरणीय कायनागा,

मास्तरणीची गोष्ट सगळ्या बायांना वाचून दाखवली. खोलीत आम्ही नऊजणी आहोत, नऊही हसल्या.

कर माफ होतो हे ऐकून जीव भांड्यात पडला. एक विचारू का? रागावू नका. आमच्यात नाझगुल म्हणून एक बाई आहे, जलालाबादची. तिने विचारलं, "तुझं नाव येणार का त्या कागदावर?" मी म्हटलं, नवऱ्याचं आलं म्हणजे माझं आलंच. ती मान खाली घालून शिवत बसली. तिच्या त्या गप्प बसण्याने माझ्या डोक्यात किडा सोडला.

मला नाव नको आहे. म्हणजे, पाहिजेच असं नाही. पण बक्षीसपत्र म्हणजे घर फुकट मिळालं असं लिहिणार ना? मग मी सहा वर्षं काय केलं, ते कुठे लिहितात? एखाद्या कोपऱ्यात, शेवटच्या ओळीत, "बुरुलच्या कमाईतून" असं लिहिता येत असेल तर नोटरीबाईंना विचारून बघा. येत नसेल तर राहू द्या. मेलिसला हे सांगू नका, त्याला वाटेल मी त्याच्यावर संशय घेते.

परवा तो फोनवर फार खुशीत होता. म्हणाला, घर झालं की आपले दिवस फिरले म्हणून समज.

बुरुल

*

तलास, २९ मार्च

केलिन,

वीस तारखेचं काम झालं नाही. नोटरीबाई आजारी होत्या. पुढची तारीख अजून मिळाली नाही. तू काळजी करू नकोस.

इकडे परत थंडी पडली, बदामाचा मोहर गळला. अकमारलला खोकला होता, आता बरा आहे. तोलोनबरोबर थोडा घेवडा आणि वाळवलेली सफरचंदं पाठवतो आहे.

कोपऱ्यातल्या ओळीचं विचारलं. तशी ओळ लिहीत नाहीत.

एसेनबाय

*

इव्हानोवो, १४ एप्रिल

कायनागा,

तुमचं पत्र एवढुसं होतं. पुन्हा पुन्हा वाचलं तरी त्यातून काही निघालं नाही.

मेलिसने मात्र सांगितलं. नोटरीबाई आजारी नव्हत्या. तो वीस तारखेला सकाळपासून त्यांच्या दारात बसून होता, तुम्हीच आला नाहीत. दुसरी तारीख घेतली, त्याही दिवशी तुम्ही आला नाहीत. म्हणालात, छातीत दुखतंय. त्याच संध्याकाळी तुम्ही कुंपण दुरुस्त करताना शेजाऱ्यांना दिसलात. गावात म्हणतात की घेवडा विकत घेणाऱ्या एका तुर्की व्यापाऱ्याला रस्त्याकाठी गोदामाला जागा हवी आहे, आणि तो फिरतो आहे. मेलिस म्हणतो, "माझ्या भावाला दुप्पट भाव दिसला, म्हणून त्याला छातीचं दुखणं आठवलं."

मी त्याला म्हटलं, असं बोलू नकोस. पण फोन ठेवला आणि मशीनवर माझा हात चालेना. आमच्या मुकादमाने येऊन विचारलं, बरं नाही का.

कायनागा, माझ्याकडे तुमची एक पावती नाही. मी कधी मागितलीच नाही. ज्या घराला मुलगी सांभाळायला दिली, त्या घराकडे पावती कशी मागायची? आता या खोलीतल्या बाया मला शहाणपण शिकवतात आणि मला ते ऐकून घ्यावं लागतं. तुम्हाला घर द्यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा. नोटरीबाईंच्या आजाराच्या आड लपू नका. मी लहान पोर नाही. एकोणचाळीस वर्षांची बाई आहे, आणि मला एकदा घरातून बाहेर काढलेलं आहे. दुसऱ्यांदा काढायचं असेल तर आधी कळवा.

एवढं तुम्हाला लिहिण्याची माझी हिंमत कधी झाली नसती. वाचून फाडून टाका. लेकीच्या हाती लागू देऊ नका.

बुरुल

*

तलास, २७ एप्रिल

बुरुल,

पत्र फाडलं नाही. जपून ठेवलं आहे. त्यात जे लिहिलंस ते ऐकून घ्यायला मी लायक आहे, पण ज्या कारणासाठी लिहिलंस त्यासाठी नाही.

सगळं सांगतो. आधीच सांगायला पाहिजे होतं.

मार्चच्या मध्यावर एक माणूस आला. शहरी बूट, हातात फोन. फाटकाबाहेरून घराचे फोटो काढायला लागला. पुढून काढले, मागून काढले, मग पावलं मोजत कुंपणाच्या कडेने चालला. मी जाऊन विचारलं, काय पाहिजे? तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. अकमारलला पुढे केलं. तिने माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, "कर्जासाठी आलेत. बाबांनी अर्ज केलाय म्हणे, या घरावर."

लेकीचा चेहरा मला पाहवला नाही. ती म्हणाली, "मोठे बाबा, आपलं घर अजून झालंच कुठंय?"

दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. नोटरीबाई ठणठणीत होत्या, तो खोटेपणा माझा. तुझा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवला. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी उत्तरं कागदावर लिहून दिली. तो कागद सोबत जोडला आहे, पण वाचता येणार नाही असं अक्षर आहे, म्हणून पुन्हा लिहितो.

मी विचारलं, बक्षीसपत्र केलं तर घर कुणाचं? त्यांनी लिहिलं: ज्याच्या नावावर बक्षीस त्याचं एकट्याचं. बायकोचा वाटा त्यात धरत नाहीत.

पैसे बायकोने दिले असले तर? लिहिलं: बक्षिसाला पैसे नसतात.

त्याने उद्या गहाण टाकलं तर? लिहिलं: बायकोची सही लागत नाही. विकत घेतलेलं असतं तर लागली असती.

मी म्हटलं, मग थेट तिलाच बक्षीस देतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश लिहिलं: कर लागेल. भावाची बायको जवळच्या नात्यात धरत नाहीत.

तो कागद घेऊन मी बाकावर बसून राहिलो. बाहेर पडताना त्यांनी माझी बाही धरली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली: हे सगळं मी तुमच्या भावाला फेब्रुवारीतच सांगितलं आहे.

आता समजलं ना मी वीस तारखेला का आलो नाही? तुर्की व्यापारी खरा आहे, दोनदा येऊन गेला. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

मेलिसला सांगितलं ते दुसऱ्या तारखेनंतर. अंगणात उभा राहून तो इतक्या जोरात बोलला की मला प्रत्येक शब्द ऐकू आला. सगळ्या गल्लीलाही आला.

"दादा, ट्रक घ्यायचाय मला. दलाल मधून काढायचा आणि घेवडा स्वतःच्या गाडीने न्यायचा. दोन हंगामांत कर्ज फिटतं. हिशेब दाखवू का?"

"हिशेब बुरुलला दाखव."

"तिला काय कळतं त्यातलं? तिला मी एकदाच सांगेन, ट्रक दारात उभा करून."

"वडिलांचं घर गहाण टाकतानाही तू असंच म्हणाला होतास. जपानी गाड्या आणून विकतो म्हणून."

"तेव्हा सीमेवर अडकलो. माझा दोष होता का तो?"

"नव्हता."

"मग? सरकार कर माफ करतंय, आणि तुम्ही नको म्हणताय. तुम्ही भाऊ कुणाचे, माझे की तिचे?"

तो गेला. त्यानंतर आलेला नाही.

त्याचा हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही, बुरुल. कदाचित बरोबरही असेल. तो दुष्ट नाही. त्याला तुला मोठं सुख द्यायचं असतं, आणि प्रत्येक वेळी तो ते तुझ्याच उशाखालून काढून देतो.

आता दुसरी गोष्ट. ती लिहायला मला तीन दिवस लागले.

आठ वर्षांपूर्वी वडिलांचं घर गहाण टाकायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. मला सगळं माहीत होतं. मी म्हटलं होतं, बघ बाबा, तुझं घर आहे, धाकट्याला मिळालेलं, मी कोण बोलणार. तुला सांगितलं नाही. तुझ्या जावेने मला सांगितलं होतं, पोरीला सांगा, तिचा संसार आहे. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला पडायचं. त्यानंतर घर गेलं, तू रशियाला गेलीस, आणि मी तुझी लेक सांभाळून स्वतःला चांगला माणूस म्हणवून घेतलं.

म्हणून यावेळी मला गप्प बसवेना. सुरुवातीला तुझ्यापाशी गप्प राहिलो, ते त्या जुन्या सवयीने.

आता रस्ते तीन. बक्षीसपत्र करायचं, कर नाही, घर मेलिसचं. किंवा पुढच्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत थांबायचं. दोन वर्षं भरली की विक्रीलाही कर माफ. पण तोवर घर माझ्या नावावर, आणि माझ्या छातीचं दुखणं सगळंच खोटं नाही. मी मेलो तर घर माझ्या लेकीकडे, जिपारकडे जाईल. जिपार तुला दिलेल्या शब्दाला जागेल, जावयाचं मला सांगता येत नाही. किंवा आत्ताच रीतसर खरेदीखत, तुझ्या नावावर, कर भरून.

तू सांगशील ते करतो. यावेळी विचारून करतो.

एसेनबाय

*

इव्हानोवो, १२ मे

कायनागा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी चाळीस अभ्रे उलट्या बाजूने शिवले. सगळे उसवावे लागले.

आठ वर्षांपूर्वीचा तो दिवस मला आठवतो. मी तुमच्याच चुलीवर बोरसोक तळत होते, पाहुणे यायचे होते. तुम्ही आणि मेलिस बाहेरून आलात. तुम्ही माझ्यासमोर बसून दोन वाट्या चहा प्यालात आणि म्हणालात, "केलिन, तुझ्या हाताला चव आहे." तेव्हा तुम्हाला माहीत होतं. जाऊबाईंनाही माहीत होतं. चुलीपाशी बसलेल्या चौघांत एकटी मीच अशी होते जिचं घर जाणार होतं आणि जिला ते ठाऊक नव्हतं.

यावर आणखी काही लिहीत नाही. लिहायला लागले तर पत्र पुरं होणार नाही.

सतरा वर्षं तुमच्या घराण्यात काढली. तुमच्या आईला मी शेवटच्या दिवसांत अंघोळ घातली. आणि कागद म्हणतो, मी नात्यात नाही. ठीक आहे. परकीने करायचं तसं करते. विकत घेते. परकीचं नाव तरी कागदावर येतं.

थांबायचं नाही. तुमचा भरवसा नाही म्हणून नव्हे. एक वर्ष रोज फोन वाजला की तुमची छाती आठवायची, हे मला झेपणार नाही. कर किती लागतो त्याचा हिशेब केला, तेवढी मुकादमाकडून उचल घेऊन येते. मे संपायच्या आत निघते. मेलिसला सांगितलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापासून काही लपवते आहे, आणि ते कसं असतं ते आता कळतंय. बरं वाटत नाही.

बुरुल

*

तलास, २४ मे

बुरुल,

उचल घेऊ नकोस.

कर विकणाऱ्यावर असतो, घेणाऱ्यावर नाही. नियम तसा आहे, आणि यावेळी तो नियम मला आवडला. तू सहा वर्षं पाठवलेल्यातलाच भाग बाजूला काढला आहे. जिपारला कळवलं. ती म्हणाली, बाबा, तुमच्या घराचं तुम्ही बघा.

यावर वाद घालायचा नाही. वाद घालायचाच असेल तर तो आठ वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर घाल, तिथे मी ऐकून घेईन.

नोटरीबाईंनी सहा जूनची तारीख दिली आहे. तुझा जन्मदाखला आणि पासपोर्ट आण. लग्नाचा दाखला माझ्याकडच्या पेटीत सापडला, तुझ्या जावेने ठेवलेला. मी येतो. छातीत दुखलं तरी येतो.

अकमारलला मी सांगितलेलं नाही तू येतेयस म्हणून. पण ती दोन दिवस झाले खिडक्या पुसतेय.

एसेनबाय

*

तलास, ९ जुलै

आदरणीय कायनागा,

बिश्केकमध्ये उकाडा फार असेल. जिपारकडे तुमची व्यवस्था नीट लागली असेल. डॉक्टर काय म्हणाले ते अजून कळवलं नाहीत.

सहा जूनला नोटरीबाईंच्या समोर सही करताना तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत आणि मीही तुमच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही सामान भरून निघालात तेव्हाही आपण फक्त गॅसच्या टाकीबद्दल बोललो. म्हणून जे झालं ते आता लिहिते.

मेलिसला खबर तिसऱ्या दिवशी लागली. त्याने फोन केला नाही. मी केला तर उचलला नाही. अकरा दिवस असे गेले. अकमारल रोज सकाळी उठून आधी अंगणात गाडी आहे का ते बघायची, आणि मी बघितलं नाही असं दाखवायचे.

बाराव्या दिवशी तो दुपारी आला. हातपाय धुतले, बसला. मी घेवड्याचं सूप वाढलं. जेवताना त्याने तिकडचं काही विचारलं, हिवाळ्यात खोली गरम असते का वगैरे. सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मग ताट सरकवून त्याने खिशातून कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला.

"सही कर."

"कसला आहे?"

"वाच की."

मी वाचला. सावकाश, प्रत्येक ओळ. घर तारण ठेवायला माझी संमती. माझं पूर्ण नाव छापलेलं होतं, आणि खाली सहीसाठी रेघ. अकमारल दारात उभी होती, मी तिला आत पाठवलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"विश्वास नाही ना माझ्यावर?"

"ट्रकचं सगळं मला मांडून सांग. किती भाडं, किती डिझेल, हंगाम बुडाला तर काय. मी बसून ऐकते. भाड्याच्या ट्रकने सुरुवात करता येत असेल तर मीही राबते तुझ्याबरोबर. पण घर त्यात नाही."

"दादांनी पढवलंय तुला."

"त्यांनी मला काही पढवलं नाही, मेलिस. आठ वर्षांपूर्वी तू विचारलं असतंस तरी मी हेच म्हटलं असतं. विचारलंच नाही कुणी."

मला वाटलं आता आवाज चढवेल, किंवा उठून जाईल. त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, त्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला भीती वाटायची तू नाही म्हणशील म्हणून." एवढंच. मी म्हटलं, "म्हटलं ना आता. काय झालं?" तो उठला. बाहेर पायरीवर जाऊन बसला.

तो राहील की जाईल हे मला अजून माहीत नाही. खोटं कशाला लिहू? गाडी अंगणात आहे, बॅग त्याने अजून उघडलेली नाही. ट्रकचं एकदा बोलला. वहीवर आकडे मांडले, आणि हंगाम बुडाला तर काय, या ओळीपुढे अडला. मी पुढे रेटलं नाही. ती ओळ त्यालाच भरू दे.

परवा आपल्या घरालगतच्या शेताच्या पाण्याची पाळी होती. पाटकऱ्याने यादी वाचली तेव्हा तुमच्या नावाच्या जागी माझं नाव होतं. तो माझं आडनाव चुकला, मी दुरुस्त केलं. खोरं घेऊन दारं धरायला उभी राहिले, तर मेलिस मागून आला आणि वरच्या अंगाच्या सरी त्याने घेतल्या. पाणी शेवटच्या सरीपर्यंत जायला दोन तास लागले. घेवडा फुलावर आला आहे.

तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. काही दिवस जातो आणि चूल पेटवताना परत येतो. तुम्ही कर भरलात म्हणून तो गेला असं मी म्हणणार नाही, तुम्हालाही ते आवडायचं नाही. पण तुम्ही मला सांगितलंत. न सांगताही निभावलं असतं, मला कधीच कळलं नसतं, हे मी रोज आठवते.

काढणी सप्टेंबरच्या मध्यावर आहे. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तर आठवडाभर आधी या. मागची खोली मी झाडून ठेवली आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण काय ते कळवा. मला आता न कळवलेलं चालत नाही.

बुरुल